डोळे ठीक आहेत, तोल ठीक आहे, मग हे काय? पीएसपीची वेगळी रूपं घरच्यांनी कशी ओळखावीत

अण्णांचं अक्षर मोत्यासारखं. साताऱ्यात ३४ वर्षं बँकेत नोकरी केली, आणि निवृत्तीनंतरही घरचा जमाखर्च वहीत उतरवल्याशिवाय ते झोपायचे नाहीत. एका दिवाळीत मी ती वही सहज चाळली आणि थबकले. मागच्या वर्षीची पानं नेहमीसारखी टपोऱ्या अक्षरातली, या वर्षीची मात्र मुंग्यांची रांग लागल्यासारखी. 'दूध', 'पेट्रोल' हे साधे शब्द भिंगाशिवाय वाचता येईनात. हात थरथरत नव्हता. कुठे दुखत नव्हतं. "कागद वाचवतोय," म्हणून अण्णा हसले, आणि आम्हीही हसून सोडून दिलं.

मग आवाज बसला. मग स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी पाय चिकटायला लागले. "अहो, पाय उचला की," आई म्हणायची. "उचलतोय गं, ऐकतच नाही तो," हे त्यांचं उत्तर. मणक्याची गादी झिजलीय, वय झालंय, मन खचलंय, पार्किन्सन्स आहे, अशी एकामागून एक नावं लागत गेली. खरं नाव हाती यायला पाच वर्षं गेली: पीएसपी, म्हणजे प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जाण्याचा आजार. आणि त्यातही पुस्तकातल्या पहिल्या पानावर नसलेलं रूप.

मी डॉक्टर नाही. निदान करणं हे न्यूरॉलॉजिस्टचंच काम. पण या आजाराची वेगळी रूपं दवाखान्यातल्या दहा मिनिटांत दिसत नाहीत. ती दिसतात जिन्यावर, ताटासमोर, आरतीच्या वेळी. तिथे हजर असतो आपण. म्हणून काय बघायचं, कसं लिहून ठेवायचं आणि डॉक्टरांपुढे कसं मांडायचं, हे पायरीपायरीने सांगते. आम्हाला हे पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर अण्णांची निदान दोन वर्षं चुकीच्या उपचारांत गेली नसती.

पायरी १: आधी नेहमीचं रूप समजून घ्या

वेगळं रूप ओळखायचं तर नेहमीचं डोळ्यांसमोर हवं. कॅनडातल्या टोरांटोमध्ये रिचर्डसन, स्टील आणि ओल्शेव्स्की या तीन डॉक्टरांनी १९६४ मध्ये नऊ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं, तिथून हा आजार स्वतंत्रपणे ओळखला जाऊ लागला. त्यांनी वर्णन केलेल्या रूपाला आज रिचर्डसन सिंड्रोम म्हणतात. साधारण साठी-पासष्टीच्या आसपास माणूस काही कारण नसताना पडायला लागतो, बहुतेकदा मागच्या बाजूला. मान आणि पाठ ताठ होते. पार्किन्सन्सचा रुग्ण पुढे वाकून चालतो, हा मात्र छाती काढल्यासारखा उभा असतो. डोळे वरखाली फिरवणं अवघड होत जातं, विशेषतः खाली. पापण्या कमी मिटतात, त्यामुळे नजर रोखल्यासारखी, चेहरा कायम आश्चर्य वाटल्यासारखा दिसतो. बोलणं जड होतं, गिळताना ठसका लागतो.

कारण असं की मेंदूत टाउ नावाचं प्रथिन पेशींमध्ये चुकीच्या पद्धतीने साचतं आणि त्या पेशी मरतात. हे साचणं मेंदूच्या कुठल्या भागात आधी आणि जास्त होतं, त्यावर आजाराचा चेहरा ठरतो. मध्यमेंदूत आधी झालं तर डोळे आणि तोल, कपाळामागच्या भागात झालं तर स्वभाव, भाषेच्या भागात झालं तर बोलणं. आजार तोच, दार वेगळं. बरीच रूपं काही वर्षांनी नेहमीच्या रूपाकडे सरकतात, पण तोवरच्या काळात घर पार गोंधळून जातं.

आणि ही वेगळी रूपं अपवादात्मक आहेत असंही नाही. शवविच्छेदनाने पक्कं निदान झालेल्या १०० रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुरुवातीला रिचर्डसन सिंड्रोमसारखं दिसलेले रुग्ण होते फक्त २४. आजार मुळात दुर्मिळ, लाखात पाच-सात जणांना होणारा, आणि त्यातही बहुतेकांचा आरंभ 'नेहमीसारखा' नाही. जनरल प्रॅक्टिशनरने आयुष्यात एखादाच असा रुग्ण पाहिलेला असतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

पायरी २: गोळ्यांचा डबा टेबलावर रिकामा करा

ही पायरी कुणीही गाळू नका, कारण इथे पूर्ण बरं होण्याची शक्यता दडलेली असते. आपल्याकडे चक्कर येते म्हणून सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, आणि ॲसिडिटीसाठी लेव्होसल्पिराइड मिसळलेली कॅप्सूल वर्षानुवर्षं चालू राहते. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइडही त्यातलंच. मानसिक आजारांवरची काही औषधंही. या सगळ्यांमुळे हालचाली मंदावणं, चेहरा निर्विकार होणं, पाय घासत चालणं हे सगळं होऊ शकतं. औषध बदलल्यावर बऱ्याच जणांत ते हळूहळू ओसरतं, त्याला काही महिने लागतात.

अण्णांच्या डब्यात ॲसिडिटीची कॅप्सूल निघाली. कुणी लिहून दिली होती ते कुणालाच आठवेना, मेडिकलवाला देत होता आणि आम्ही आणत होतो. ती थांबल्यावर थोडा फरक पडला, पण मूळ आजार राहिलाच. तरी तो थोडा फरकही मोलाचा होता.

गोळ्यांच्या पाकिटांची मागची बाजू, जिथे घटकांची नावं असतात, तिचे फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. बी-१२ आणि थायरॉइडची तपासणीही याच टप्प्यावर करून घ्यावी.

काढे, पावडरी, 'नैसर्गिक' म्हणून चालू असलेल्या गोष्टीही या यादीत धरा. हनुमानफळ किंवा लक्ष्मणफळ या नावाने विकल्या जाणाऱ्या फळाच्या पानांचा चहा आणि कॅप्सूल हल्ली कॅन्सरवरचा उपाय म्हणून फिरतात. कॅरिबियनमधल्या ग्वाडलूप बेटावर पीएसपीसारख्या आजाराचं प्रमाण खूप जास्त आढळलं, आणि १९९९ पासूनच्या अभ्यासांत त्याचा संबंध याच फळाच्या आणि त्याच्या पानांच्या चहाच्या नियमित सेवनाशी दिसला. त्यानेच आजार होतो हे सिद्ध झालेलं नाही. पण चालण्याची तक्रार असलेल्या माणसाला मी तो चहा कधीच देणार नाही.

पायरी ३: कुठलं दार उघडलंय ते बघा

*पाय चिकटणारं रूप.* हे आमच्या घरचं, म्हणून यावर थोडं जास्त. यात सुरुवातीला तीनच गोष्टी असतात: पाऊल उचलताना अडखळणं, आवाज बारीक होणं, अक्षर बारीक होणं. कंप नाही. हातपाय ताठ नाहीत. डोळे ठीक. स्मरणशक्ती उत्तम. अण्णा बँकेतल्या जुन्या खातेदारांची नावं घडाघडा सांगायचे, पण खुर्चीतून उठल्यावर पहिलं पाऊल टाकायला अर्धा मिनिट. दारात, वळताना, गर्दीत, कुणी हाक मारली की पाय जमिनीला खिळलेले. आणि गंमत अशी की फरशीच्या रेघा दिसल्या, किंवा समोर कुणी पाय आडवा धरला, की तो ओलांडून ते सहज पुढे जात. बघणाऱ्याला वाटायचं, मुद्दाम करतायत. एका नातेवाइकांनी तसं तोंडावर बोलूनही दाखवलं. अण्णा तेव्हा काही बोलले नाहीत, पण त्यानंतर ते कुणाच्या लग्नाला गेले नाहीत.

पार्किन्सन्सशी फरक कळायला वही उपयोगी पडते. पार्किन्सन्समध्ये ओळ लिहिता लिहिता अक्षर लहान होत जातं. पीएसपीत बहुतेकदा पहिल्या अक्षरापासूनच ते बारीक असतं आणि शेवटपर्यंत तेवढंच राहतं. या रूपात डोळ्यांच्या खुणा यायला पाच किंवा अधिक वर्षंही लागतात, आणि पार्किन्सन्सवर दिली जाणारी लेव्होडोपाची गोळी जवळजवळ काहीच करत नाही. आजाराची गती मात्र नेहमीच्या रूपापेक्षा सावकाश असते, दहा वर्षांहून अधिक काळ जाऊ शकतो.

*पार्किन्सन्सचा मुखवटा घातलेलं रूप.* सगळ्यात जास्त फसवतं ते हे. एका बाजूचा हात आधी मंदावतो, कधी कंपही असतो, आणि मुख्य म्हणजे लेव्होडोपाने सुरुवातीला बरं वाटतं. मग पार्किन्सन्स म्हणून निदान होतं आणि त्या वेळी ते चुकीचं म्हणताही येत नाही. लंडनच्या क्वीन स्क्वेअर ब्रेन बँकेतल्या (दान केलेल्या मेंदूंच्या संग्रहातल्या) १०३ रुग्णांच्या नोंदी २००५ मध्ये तपासल्या गेल्या तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश रुग्ण या प्रकारचे निघाले. त्यांचा आजार सरासरी ९.१ वर्षं चालला, रिचर्डसन रूपाचा ५.९ वर्षं. इथे लक्ष ठेवायचं ते असं: गोळीचा गुण एक-दोन वर्षांत ओसरला का? हातापायांपेक्षा मान जास्त ताठ आहे का? वास घेण्याची शक्ती शाबूत आहे का? पार्किन्सन्समध्ये फोडणीचा, अगरबत्तीचा वास बऱ्याचदा कित्येक वर्षं आधीच जातो, पीएसपीत तो बऱ्यापैकी टिकतो. आणि माणूस पडायला लागला का? पार्किन्सन्समध्ये पडणं सहसा उशिरा येतं.

अमेरिकेच्या तत्कालीन खासदार जेनिफर वेक्स्टन यांनी एप्रिल २०२३ मध्ये आपल्याला पार्किन्सन्स असल्याचं जाहीर केलं आणि सप्टेंबरमध्ये तेच निदान बदलून पीएसपी झाल्याचं सांगितलं. उत्तमोत्तम डॉक्टर हाताशी असतानाही असं होतं. म्हणून निदान बदललं की आधीच्या डॉक्टरांवर रागावण्याआधी एवढं लक्षात घ्या की काही खुणा वेळ गेल्याशिवाय उमटतच नाहीत.

*एक हात परका होणारं रूप.* सदऱ्याची गुंडी लागत नाही, चमचा कसा धरायचा ते कळत नाही, पोळीचा तुकडा मोडता येत नाही. हातात ताकद असते, पण 'कसं करायचं' हेच हाताला आठवत नाही. कधी हात आपोआप वर उठतो, कशाला तरी धरून बसतो, वेडावाकडा आखडतो, मध्येच झटके देतो. डोळे मिटून तळहातावर नाणं ठेवलं तर ते नाणं आहे की किल्ली, हे सांगता येत नाही. याला पक्षाघाताचा झटका समजलं जातं. पक्षाघात मात्र अचानक येतो, आणि हे महिनोन् महिने वाढत जातं.

*स्वभाव बदलणारं रूप.* आयुष्यभर मितभाषी असलेला माणूस चारचौघांत भलतंच बोलून जातो. किंवा उलट, नातवंडं आली तरी मान वळवत नाही, वर्तमानपत्र समोर पडून असतं. तोंडात घास असताना दुसरा घास कोंबतो. पैशांचे निर्णय विचित्र व्हायला लागतात. घरचे दुखावतात, मग मानसोपचारतज्ज्ञाकडे नैराश्याच्या गोळ्या सुरू होतात. नैराश्यात माणूस दुःखी असतो, रडतो, अपराधी वाटतं असं म्हणतो. इथे त्याला बरेचदा काहीच वाटत नसतं. आणि स्मरण बऱ्यापैकी असतं, त्यामुळे अल्झायमर म्हणूनही ते बसत नाही. मिनिटभरात 'क'पासून सुरू होणारे शब्द सांगायला सांगितले तर मात्र दोन-चारावर गाडी अडते. या घरांबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण तिथे आजाराचं नाव कळेपर्यंत नाती तुटलेली असतात.

*बोलणं बिघडणारं रूप.* शब्द माहीत असतो, पण तो तोंडातून काढायची जुळवाजुळव होत नाही. माणूस चाचपडत, तुकडे पाडत बोलतो, वाक्यातले प्रत्यय गळतात. लोकांना वाटतं प्यायलाय. ब्रिटिश विनोदी अभिनेते डडली मूर यांचं तेच झालं. अडखळतं बोलणं आणि झोकांड्या पाहून दारूच्या चर्चा रंगल्या. १९९९ मध्ये त्यांनी पीएसपी असल्याचं जाहीर केलं आणि २००२ मध्ये ते गेले.

काहींत फक्त डोळ्यांच्या तक्रारी बराच काळ एकट्याच राहतात: वाचताना ओळ हरवते, दोन-दोन दिसतं, पापणी मिटली की उघडतच नाही आणि बोटाने उचलावी लागते. मग चष्म्यामागून चष्मे बदलले जातात, मोतीबिंदूही काढून होतो, तक्रार तिथेच. काहींत नुसतं पडणंच असतं. आणि क्वचित लहान मेंदूची लक्षणं आधी येतात, म्हणजे पाय फाकवून, झोकांड्या खात चालणं. याचं वर्णन प्रामुख्याने जपानी डॉक्टरांनी केलं.

पायरी ४: घरातल्या घरात काय बघायचं

परीक्षा घेतल्यासारखं करू नका. रोजचं जगणंच पुरेसं बोलतं.

गणपतीत आमच्याकडे आरतीला सगळे टाळ्या वाजवत होते. 'घालीन लोटांगण' संपलं, सगळे थांबले. अण्णा वाजवतच राहिले. आईने हात धरला तेव्हा थांबले, आणि स्वतःच गोंधळून हाताकडे बघत राहिले. नंतर कळलं की न्यूरॉलॉजिस्ट मुद्दाम तीनच टाळ्या वाजवायला सांगतात आणि रुग्ण तीनावर थांबतो का ते बघतात. इतर काही आजारांतही असं होतं, त्यामुळे एवढ्यावरून निदान होत नाही. पण सांगण्यासारखी गोष्ट आहे.

ताट बघा. खाली बघता येत नसेल तर माणूस समोरचं तेवढं खातो आणि अंगाजवळच्या कडेची वाटी तशीच राहते. सदऱ्यावर डाळ सांडते. जिना चढताना ठीक, उतरताना मात्र घाबरतो, कारण पुढची पायरी दिसत नाही. वर बघायला त्रास होणं वयोमानाने पुष्कळांना असतं, खाली बघायला होणं तसं नसतं. घरी एवढंच करता येतं: डोकं स्थिर ठेवून नजरेने चमच्याच्या मागे वर-खाली जायला सांगा, आणि मग एकदम 'पंख्याकडे बघा, आता पायाकडे बघा' असं म्हणा. नजर पोचते का, हा एक प्रश्न. ती पटकन पोचते की सरकत सरकत, हा जास्त महत्त्वाचा. अडण्याच्या आधी वेग कमी होतो.

उठणं-बसणं बघा. खुर्चीतून एकदम उसळून उठणं आणि तसंच मागे आदळणं, बसताना धपकन अंग टाकणं, या दोन्ही खुणा आहेत. तोल पाहण्यासाठी डॉक्टर मागे उभे राहून खांदे झटकन ओढतात. ती चाचणी घरी अजिबात करू नका. आमच्या ओळखीच्या एका घरात मुलाने ती व्हिडिओ बघून केली आणि वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं.

पायरी ५: वही ठेवा, पण नेमकी

'सारखे पडतात' या वाक्याचा डॉक्टरांना उपयोग नाही. आईने अण्णांच्याच जमाखर्चाच्या वहीत नोंदी सुरू केल्या. त्यातल्या दोन जशाच्या तशा:

"१२ ता. सकाळी ७. न्हाणीतून येताना वळताना पाय अडकला, पुढे गुडघ्यावर. चक्कर नाही. शुद्ध होती. मार नाही."

"१९ ता. दुपारी. कपाटाचं दार ओढताना सरळ मागे. हात टेकलेच नाहीत, भिंतीला डोकं. टेंगूळ."

दुसऱ्या नोंदीतलं 'हात टेकलेच नाहीत' हे डॉक्टरांनी दोनदा वाचलं. दिशा, त्या क्षणी काय करत होते, चक्कर किंवा शुद्ध हरपणं, हात पुढे आले का: एवढं पुरतं. उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडणं वेगळं, त्याने रक्तदाबाचा किंवा मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी नावाच्या दुसऱ्या आजाराचा संशय येतो. नसलेली माणसं किंवा प्राणी दिसत असतील तर तेही लिहा, तो धागा लेवी बॉडी डिमेन्शिया या स्मृतिभ्रंशाच्या प्रकाराकडे जातो.

वहीच्या पहिल्या पानावर एक सनावळी करा. पहिलं पडणं कधी, आवाज कधी बसला, अक्षर कधी बदललं. तारीख आठवत नसेल तर सण, लग्न, बारसं यांच्या आधाराने लावा. जुने चेक, रेशनकार्डाच्या अर्जावरच्या सह्या, लग्नाचे व्हिडिओ काढून बघा. पडणं किंवा पाय चिकटणं आजाराच्या पहिल्या तीन वर्षांत सुरू झालं की नंतर, यावर निदानाच्या निकषांमध्ये बरंच काही अवलंबून असतं.

पायरी ६: मोबाइलवर चित्रण

आधी रुग्णाला विचारा. अण्णा पहिल्यांदा "माझा तमाशा करू नका" म्हणाले. कशासाठी ते समजावल्यावर स्वतःच "दारातून चालताना घे" म्हणून सांगायला लागले. अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे तुकडे पुरेत: हात न टेकता खुर्चीतून उठणं, चालून वळणं, दारातून जाणं, चेहरा जवळून घेऊन डोळे वरखाली, पेपरातला उतारा मोठ्याने वाचणं, एकच ओळ पाच वेळा लिहिणं, आणि घोटभर पाणी पिणं. चालताना एक माणूस अंगाला हात न लावता अगदी शेजारी असावा. दवाखान्यात गेल्यावर अण्णा नेमके झकास चालायचे. लांब, मोकळा कॉरिडॉर, डॉक्टर समोर, सगळं लक्ष पावलांवर. व्हिडिओ नसता तर पाय चिकटणं त्यांनी कधी पाहिलंच नसतं.

पायरी ७: डॉक्टरांपुढे

शक्यतो मूव्हमेंट डिसऑर्डरमध्ये, म्हणजे हालचालींच्या विकारांत, विशेष काम करणारा न्यूरॉलॉजिस्ट गाठा. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१७ मध्ये पीएसपीचे नवे निकष प्रसिद्ध केले. त्यात चार खणांत लक्षणं मांडलेली आहेत: डोळे, तोल, हालचालींचा मंदपणा, आणि बुद्धी-वर्तन-भाषा. प्रत्येक खणात खात्रीच्या तीन पातळ्या. कुठल्या खणातलं काय जुळतं त्यावरून रूप ठरतं. नुसतं पाय चिकटणं असेल तर 'शक्यता', जोडीला नजरेचा वरखाली वेग मंदावलेला असेल तर 'दाट शक्यता'. तुमची माहिती या चार खणांत मांडून न्या, पाच मिनिटांत विषयाला हात घातला जातो.

थेट विचारा: "हे पार्किन्सन्सच आहे की पार्किन्सन्ससारखं दुसरं काही असू शकतं?" लेव्होडोपा पुरेशा मात्रेत, निदान महिनाभर देऊन पाहिलं का, हेही विचारा. अर्धी गोळी आठवडाभर घेऊन 'गुण नाही' म्हणणं हा निकाल नव्हे.

तपासण्यांबद्दल एक-दोन गोष्टी. एमआरआयमध्ये मध्यमेंदू आक्रसला की उभ्या छेदात हमिंगबर्ड पक्ष्यासारखा आकार दिसतो. पण वेगळ्या रूपांत सुरुवातीची वर्षं तो नसतोही, त्यामुळे 'एमआरआय नॉर्मल' हा शेवटचा शब्द नाही. रेडिओलॉजिस्टला पाठवताना चिठ्ठीवर 'पीएसपीचा संशय' असं लिहून घ्या. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या झाल्याचा एक वेगळा आजारही चालण्यावर परिणाम करतो आणि त्यावर शंटची (जास्तीचं पाणी वाहून नेणारी नळी बसवण्याची) शस्त्रक्रिया असते, ते आधी तपासलं जावं. मेंदूतल्या डोपामीनच्या पेशींची स्थिती दाखवणारा ट्रोडॅट स्कॅन महाग असतो आणि तो पार्किन्सन्स व पीएसपी दोन्हींत बिघडलेलाच येतो. या दोघांतला फरक सांगण्यासाठी म्हणून तो करायचा असेल तर आधी पुन्हा विचारा. शंभर टक्के पक्कं निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. त्यासाठी बंगळुरूच्या निम्हान्समध्ये ब्रेन बँक आहे.

वय चाळिशीच्या आत असेल तर पीएसपीपेक्षा विल्सन्स डिसीज (शरीरात तांबं साचणं), निमन-पिक सी (पेशींत चरबी साचणं) यांसारख्या आजारांचा विचार आधी व्हायला हवा. विल्सन्सवर तर चांगला उपचार आहे.

पहिल्या भेटीत उत्तर मिळालं नाही तर सहा महिन्यांनी त्याच डॉक्टरांकडे, त्याच वहीसकट परत जा. डॉक्टर बदलत राहिलं की प्रत्येक जण पहिल्यापासून सुरू करतो. आमची दोन वर्षं तशीच गेली.

पायरी ८: नाव मिळाल्याच्या आठवड्यात

आजार थांबवणारं औषध आज नाही. पण नाव कळल्याने काय काय थांबवता येतं, ते मोठं आहे: नको त्या गोळ्या, मणक्याची नको ती शस्त्रक्रिया, आणि घरातले आरोप.

पहिलं काम पडणं कमी करण्याचं. वाचायचा आणि चालायचा चष्मा वेगळा, दुहेरी काचेचा नको. हलका वॉकर मागे कलंडतो, त्यामुळे पुढच्या बाजूला वजन असलेला घ्या. न्हाणीत दांडे, उंबरठ्याला रंगीत पट्टी. दुसरं गिळण्याचं. पातळ पाणी आणि चहा यांचाच ठसका आधी लागतो, तेव्हा स्पीच थेरपिस्टला लगेच दाखवा, न्यूमोनिया होईपर्यंत थांबू नका. पापण्या उघडत नसतील तर स्नायू सैल करणारी बोटुलिनमची इंजेक्शनं उपयोगी पडू शकतात. बँकेचे, घराचे कागद आणि पुढे नळीने अन्न द्यायचं की नाही यासारखे निर्णय रुग्णाला नीट बोलता येतंय तोवर त्यालाच विचारून लिहून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत दीर्घकालीन मज्जासंस्था-विकार आहेत, त्या आधारे यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांग ओळखपत्रासाठी) अर्ज करता येतो. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी यांच्याकडे पाय चिकटणं, आवाज, व्यायाम यांचा खूप अनुभव साचलेला आहे. नाव पार्किन्सन्सचं असलं तरी चौकशी जरूर करा.

अण्णांची खालची नजर गेली ते आम्हाला आधी कळलंच नव्हतं. अंगाजवळच्या कडेची कोशिंबीर रोज उरायची आणि आई म्हणायची, "यांना आता माझ्या हातची चव लागत नाही." निदान झाल्यावर त्या आठवड्यात मी टेबलावर एक पाट ठेवला, त्यावर दुसरा पाट, आणि त्यावर त्यांचं ताट. अण्णांनी चमचा फिरवला, वाटीपाशी थांबवला, आणि आईला विचारलं, "काकडीची केलीस आज?"